दोन नकाशे, एक चर

कळंबच्या बाजारपेठेत एका कापड दुकानावर माडी आहे. लोखंडी जिना, वर पत्र्याचं दार, आत एसीची घरघर. शहरातल्या आणि आसपासच्या खेड्यांतल्या काही शे घरांचं इंटरनेट या खोलीतून जातं. भिंतीला लागून एक रॅक उभा आहे. तळाशी बॅटऱ्या आणि इन्व्हर्टर, मधे ओएलटी, म्हणजे घरोघरचे तंतू जिथून निघतात ते यंत्र, वर राउटर. राउटरच्या दोन पोर्टांत दोन पिवळ्या पॅचकॉर्ड खोचलेल्या. दोन्हींना चिकटपट्टी गुंडाळून मालकानं मार्करनं लिहून ठेवलंय : ‘लातूर’ आणि ‘धाराशिव’.

“दोन कंपन्यांकडनं दोन लाईनी घेतल्यात, सर,” मालक सांगतो. पस्तिशीचा गडी. आधी केबल टीव्हीचा धंदा होता, त्याच खांबांवरून मग इंटरनेट ओढलं. “एक तुटली तर दुसरी हाय. राउटर आपोआप बदलतो, माणूस लागत न्हाई.”

पण जुलैअखेरीस, पीक विमा भरायची मुदत संपत आलेली असताना, दोन्ही लाईनी एकाच मिनिटाला गेल्या. सेवा केंद्रांवर सोयाबीनवाल्यांची रांग, आणि पोर्टल उघडेना. त्यानं दोन्ही कंपन्यांना फोन लावले. दोन्हीकडून उत्तर एकच : फायबर कट, ढोकी रोड. तेव्हा कुठं त्याला कळलं की कळंबपासून ढोकीपर्यंत दोन्ही केबली रस्त्याच्या एकाच अंगाला, एकाच चरात झोपलेल्या आहेत. ढोकीला पोचल्यावर त्यांची फारकत होते. एक मुरूडवरून लातूर गाठते, दुसरी धाराशिवकडं वळते. राउटरच्या हिशेबात वाटा दोन होत्या. जेसीबीच्या हिशेबात एकच.

दिवाळी अंकासाठी संपादकांनी ‘जोडणी’ हा विषय दिला, तेव्हा कळंब तालुक्यात जाऊन इंटरनेटची जोडणी पाहायची असं ठरलं. पाहता पाहता लक्षात आलं की गोष्ट या दोन हिशेबांचीच आहे. पत्ते वाचणारं यंत्र वेगळं आणि उजेड वाहून नेणारी वाट वेगळी. या दोघांची गाठ जिथं पडते, तिथंच गावाचं नेट टिकतं किंवा बुडतं.

खड्ड्यातलं काम

तुटलेली केबल जोडणाऱ्याला इकडं जॉइंटर म्हणतात. येरमाळ्याच्या रस्त्याला एक भेटले. पन्नाशी ओलांडलेले, वीस-बावीस वर्षं याच कामात. शेगाव-पंढरपूर मार्ग याच बाजूनं जातो, रस्तारुंदीची कामं झाली, त्यामुळं त्यांच्या हाताला काम कमी पडलं नाही. खड्ड्याच्या काठावर चटई, चटईवर लाकडी पेटी, पेटीवर स्प्लायसिंग मशीन. वर मोठी छत्री. छत्री उन्हासाठी कमी आणि धुळीसाठी जास्त. इथली काळी माती वाळली की पिठासारखी उडते, आणि तिचा एक कण मधे आला तरी जोड वाया जातो.

काळ्या केबलीचं जाड आवरण त्यांनी सोलून काढलं. आतल्या नळ्या कापडानं पुसून त्यांतला चिकट जेल काढला. आत चोवीस तंतू, प्रत्येकाला ठरलेला रंग. निळा, नारंगी, हिरवा, तपकिरी अशी ती ओळ त्यांना पाढ्यासारखी पाठ. निळ्याला निळाच जोडायचा. इथं रंग चुकला तर एका गावाचं नेट दुसऱ्या गावाला जातं. रंगाचा थर खरवडून काढला की उघडी काच उरते, १२५ मायक्रॉन जाडीची, म्हणजे मिलिमीटरचा आठवा हिस्सा. उजेड जातो तो या काचेच्याही अगदी मधल्या नऊ मायक्रॉनच्या गाभ्यातून.

तंतू अल्कोहोलच्या बोळ्यानं पुसला. क्लीव्हरमध्ये ठेवून दाबला, टिक असा बारीक आवाज आला, टोक सरळ तुटलं. तुटलेला तुकडा त्यांनी चिमट्यानं उचलून छोट्या डबीत टाकला. “हा बोटात गेला तर दिसतबी न्हाई आन् निघतबी न्हाई,” ते म्हणाले. मग दोन्ही टोकं मशीनमध्ये समोरासमोर बसवली. पडद्यावर दोन जाड खांब दिसू लागले. मशीननं ते स्वतःच वर-खाली, डावीकडं-उजवीकडं सरकवून एका रेषेत आणले. मधे क्षणभर ठिणगी उडाली, काच वितळली, दोनाची एक झाली. जोडात किती उजेड हरवतो त्याचा आकडा पडद्यावर आला : ०.०२ डीबी.

ते मान हलवतात. ०.०५ पर्यंत चालतं, त्यापुढं गेलं तर तोडून पुन्हा करायचं. जोडावर बारीक नळी सरकवून ती मशीनच्याच भट्टीत तापवायची, म्हणजे ती आवळून बसते. असे चोवीस जोड. मग सगळे एका काळ्या डब्यात बंद करून मातीआड.

तुटलं नेमकं कुठं, हे ओटीडीआर सांगतो. हे यंत्र तंतूत उजेडाचा ठोका सोडतं आणि परत येणाऱ्या क्षीण उजेडाचा वेळ मोजतं. काचेत उजेड सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर धावतो, त्यावरून तुटीचं अंतर निघतं. पण यंत्र सांगतं ते केबलीचं अंतर, रस्त्याचं नव्हे. प्रत्येक जोडापाशी पुढच्या दुरुस्तीसाठी दहा-वीस मीटरची वेटोळी पुरून ठेवलेली असतात. यंत्रानं बारा किलोमीटर सांगितलं की रस्त्यावर ते अकरा-साडेअकराच भरतं. मधली तफावत जॉइंटरच्या वहीत असते. कुठल्या लिंबाखाली वेटोळं आहे, कुठल्या मोरीनंतर केबल रस्त्याच्या पलीकडं गेली, हे सगळं त्या वहीत. कंपनीच्या संगणकातल्या नकाशावर तिथं नुसती सरळ रेघ असते.

राउटरला रस्ता दिसत नाही

माडीवरचा राउटर काय करतो? कुणी मोबाइलवर बाजारभाव पाहतो, कुणी मुलीशी पुण्याला व्हिडिओवर बोलतो. या सगळ्याचे बारीक तुकडे होतात आणि प्रत्येक तुकड्यावर जायचा पत्ता असतो. राउटर पत्ता वाचतो, आपल्या यादीत पाहतो आणि तुकडा योग्य पोर्टातून बाहेर काढतो. कळंबच्या राउटरची यादी छोटी आहे. जे इथलं नाही ते लातूरला किंवा धाराशिवला पाठवायचं, एवढंच त्याला ठाऊक. पण मुंबईतल्या मोठ्या राउटरला जगभरच्या वाटा माहीत असाव्या लागतात. आज ही यादी नऊ-दहा लाख नोंदींच्या घरात आहे.

राउटरला एवढं कळतं, पण केबल मात्र कळत नाही. कळंबच्या बसस्थानकातल्या नियंत्रकाला लातूरची गाडी कितीला आणि धाराशिवची कितीला हे तोंडपाठ असतं. मधला कुठला पूल खचलाय, हे त्याला गाडी आली नाही की मगच कळतं. राउटरचं तसंच. त्याच्या दृष्टीनं ‘लातूर’ म्हणजे एक पोर्ट, त्याच्या पलीकडं दुसरा राउटर. मधे माती, पूल, जोड, सगळं अदृश्य.

लातूर किंवा धाराशिवच्या पुढं, मोठ्या शहरांकडं जाणाऱ्या जाळ्यात, हा अदृश्य भाग आणखी गुंतागुंतीचा होतो. राउटरच्या पोर्टात बोटाएवढं एक मॉड्युल असतं, त्यात लेसर. हा लेसर साधा. फार दूर जायची त्याची ताकद नसते, शेजारच्या रॅकपर्यंत पोचला तरी पुरे. तिथं दुसरंच यंत्र बसलेलं असतं, ट्रान्सपाँडर. तो राउटरचा उजेड वाचतो, त्याला नवं वेष्टन घालतो, वाटेत झालेल्या चुका पलीकडं दुरुस्त करता याव्यात म्हणून जादा हिशेबाचे अंक जोडतो आणि सगळं पुन्हा उजेडावर चढवतो. या वेळी तरंगलांबी काटेकोर ठरलेली असते. या धंद्यात पहिल्या उजेडाला ‘ग्रे’ आणि दुसऱ्याला ‘रंगीत’ म्हणतात. दोन्ही अवरक्त, डोळ्यांना दोन्ही दिसत नाहीत.

असे अनेक रंगीत उजेड एकत्र करून एकाच तंतूत घालायचे, या पद्धतीला डीडब्ल्यूडीएम म्हणतात. १५३० ते १५६५ नॅनोमीटरच्या पट्ट्यात ऐंशी-नव्वद तरंगलांब्या शेजारी शेजारी बसतात. प्रत्येकीवर १०० गिगाबिट धरले तरी तंतूच्या एका जोडीवरून ८ टेराबिट जातात. हाच पट्टा का? तर काच या भागात सर्वांत कमी उजेड गिळते, आणि एर्बियम हे मूलद्रव्य मिसळलेल्या तंतूतून थकलेला उजेड पुन्हा मोठा करता येतो तोही याच भागात. १९८७मध्ये साउदॅम्प्टन विद्यापीठात डेव्हिड पेन यांच्या गटानं हा प्रवर्धक करून दाखवला. त्याआधी ठरावीक अंतरावर प्रत्येक उजेड उतरवून, विजेत बदलून, पुन्हा चढवावा लागे. आता सगळे रंग एकत्रच, काचेतल्या काचेत वाढवता येतात.

हिशेब साधा आहे. चांगल्या काचेत किलोमीटरमागं सुमारे ०.२ डीबी उजेड हरवतो. पंधरा किलोमीटरवर तो निम्मा होतो, पन्नासवर दहावा हिस्सा, शंभरवर शंभरावा. म्हणून साधारण ऐंशी किलोमीटरच्या टप्प्यांवर प्रवर्धक बसवतात. १९६६मध्ये चार्ल्स काव आणि जॉर्ज हॉकहॅम यांनी मांडलं होतं की किलोमीटरमागं २० डीबीपर्यंत गळती आणता आली तर काचेतून दळणवळण जमेल. म्हणजे एका किलोमीटरनंतर शंभरावा हिस्सा उरला तरी त्यांना चालणार होतं. आज तेवढा उजेड शंभर किलोमीटरनंतर उरतो. काव यांना या कामासाठी २००९चं नोबेल मिळालं.

कळंब ते मुंबई रस्त्यानं साधारण ४०० किलोमीटर. उजेडाला तेवढं अंतर कापायला दोन मिलिसेकंद लागतात. वाटेत प्रवर्धक, फाटे, पॅचकॉर्डची डझनभर टोकं. राउटरच्या लेखी मात्र एका मोठ्या शहरातून दुसऱ्यात जाणं म्हणजे एक उडी.

पोर्ट चालू, नेट बंद

राउटर आणि ट्रान्सपाँडर ही दोन यंत्रं एकमेकांशी नीट बोलली नाहीत तर काय होतं, हे माडीवरच्या मालकाला चांगलं माहीत आहे. त्याच्या शब्दांत : “हिरवी बत्ती चालू, पिंग बंद.”

केबल दहा कोसांवर तुटते. राउटर आणि शेजारचं यंत्र यांच्यातली दोन मीटरची पॅचकॉर्ड शाबूत असते. शेजारचं यंत्र आपला लेसर त्या बाजूला चालूच ठेवत असेल, तर राउटरच्या पोर्टावर उजेड येत राहतो आणि त्याला वाटतं, लाईन चालू आहे. तो तुकडे पाठवत राहतो आणि ते नाहीसे होत राहतात. जोडणी नीट केली असेल तर पलीकडचा उजेड गेल्याबरोबर ट्रान्सपाँडर अलीकडचा लेसरही बंद करतो. मग राउटरला लगेच कळतं आणि तो दुसरी वाट धरतो. ही एक सेटिंग असते. ती कुणी करायची, उजेडवाल्यांनी की राउटरवाल्यांनी, यावर फोनाफोनी चालते.

लेसर बंद होत नसेल तर राउटर दुसऱ्या मार्गानं खात्री करून घेतो. शेजारच्या राउटरला तो ठरावीक वेळानं निरोप पाठवतो आणि उत्तराची वाट पाहतो. ओएसपीएफ या प्रचलित पद्धतीत दर दहा सेकंदांनी निरोप जातो. चाळीस सेकंद उत्तर आलं नाही की शेजारी गेला असं समजायचं. मोठ्या जाळ्यांमधल्या बीजीपी पद्धतीत हीच मुदत अनेक यंत्रांवर मुळात तीन मिनिटांची असते. पेट्रोल पंपावर फोनवरून पैसे पाठवणाऱ्याला चाळीस सेकंद म्हणजे फार झाले; तीन मिनिटांत मागचा माणूस हॉर्न वाजवायला लागतो. म्हणून बीएफडी नावाची आणखी घाईची पद्धत वापरतात. पन्नास मिलिसेकंदांना एक निरोप, सलग तीन चुकले की वाट सोडायची. दीड दशांश सेकंदात निकाल.

घाईतही एक पेच आहे. उजेडाच्या जाळ्याकडंही स्वतःची राखीव वाट असते, आणि ते पन्नास मिलिसेकंदांच्या आत तिच्यावर वळू शकतं. राउटरही त्याच वेळी घाबरून वाट बदलू लागला तर दोघंही धावपळ करतात आणि स्थिर व्हायला वेळ जातो. म्हणून राउटरला सांगून ठेवावं लागतं : जरा थांब, खालच्यांना आधी प्रयत्न करू दे. किती थांबायचं, हा आकडा दोन्ही बाजूंच्या माणसांनी एकत्र बसून ठरवायचा असतो. बऱ्याच कंपन्यांत हे दोन विभाग वेगळे, त्यांचे साहेब वेगळे, त्यांचे पडदेही वेगळे. उजेडवाल्यांच्या पडद्यावर रस्ते आणि किलोमीटर दिसतात, राउटरवाल्यांच्या पडद्यावर पत्ते आणि पोर्ट.

एका ओळीत उभी गावं

मांजरेच्या काठच्या एका ग्रामपंचायतीत गेलो. नदीपलीकडं बीड जिल्हा, केज तालुका. कार्यालयाच्या कोपऱ्यात भिंतीवर पत्र्याची पेटी, तीत ओएनटी, म्हणजे ओएलटीकडून आलेला उजेड घेणारं टोकाचं यंत्र, आणि बॅटरी. संगणक परिचालकानं पेटी उघडून दाखवली. हिरवा दिवा लुकलुकत होता. “चालतंय, सर. पण तांबडा लागला की मी मोबाइलचा हॉटस्पॉट चालू करतो. दाखले थांबवता येत न्हाईत.”

ही पेटी भारतनेटची. केंद्रीय मंत्रिमंडळानं ऑक्टोबर २०११मध्ये राष्ट्रीय ऑप्टिकल फायबर जाळ्याला मंजुरी दिली, २०१२च्या फेब्रुवारीत त्यासाठी बीबीएनएल ही कंपनी निघाली, पुढं योजनेचं नाव भारतनेट झालं. पहिल्या टप्प्यात बीएसएनएल, रेलटेल आणि पॉवरग्रिड यांनी मिळून एक लाखाहून जास्त ग्रामपंचायती डिसेंबर २०१७पर्यंत जोडल्या. दुसऱ्या टप्प्याचं काम महाराष्ट्रात राज्य सरकारनं ‘महानेट’ नावानं अंगावर घेतलं.

पहिल्या टप्प्याची रचना काटकसरीची होती. तालुक्याच्या टेलिफोन एक्स्चेंजात ओएलटी बसवायचा. तिथून निघणारी जुनी फायबर जिथवर गेली असेल तिथवर वापरायची, पुढं गावापर्यंत नवी टाकायची. वाटेत स्प्लिटर, म्हणजे वीज न लागणारी काचेची फाटाफूट. एका तंतूतला उजेड निम्मा, त्याचा निम्मा, असं पाच वेळा केलं की बत्तीस टोकं मिळतात. यंत्रं थोडी लागतात, खर्च कमी. पण प्रत्येक निम्म्याला तीन डीबी जातात. ओएलटीपासून ओएनटीपर्यंत सगळे जोड, सगळे फाटे आणि सगळे किलोमीटर मिळून गळती सुमारे अठ्ठावीस डीबीत बसवावी लागते. जुन्या केबलीत चार-पाच वाईट जोड असले तर हिशेब तिथंच कोलमडतो. तांबडा दिवा लागतो आणि तुटलं काहीच नसतं.

दुसरी अडचण आकाराची. गावं झाडाच्या फांद्यांसारखी जोडलेली. बुंध्याजवळ कुदळ लागली की पुढची सगळी गावं अंधारात. प्रत्येक गावाला वाट एकच, म्हणून राउटरला निवडायलाही काही नाही. आणि खरं तर गावात राउटर नव्हताच. होता तो ओएनटी, उजेडातून आलेलं पुढं देणारा.

ऑगस्ट २०२३मध्ये केंद्रानं सुधारित भारतनेटला मंजुरी दिली, १,३९,५७९ कोटी रुपयांची. त्यातला बदल नेमका याच सांध्यावर आहे. सुमारे २.६४ लाख ग्रामपंचायती आता फांदीवर नव्हे, वर्तुळावर असाव्यात. तालुक्याला आणि ग्रामपंचायतीला राउटर असावेत. ते आयपी-एमपीएलएस पद्धतीनं चालावेत. दहा वर्षांची देखभाल कंत्राटातच असावी. आणि फायबरवर दुरून लक्ष ठेवणारी यंत्रणा असावी. या शेवटच्या यंत्रणेचा अर्थ असा की जॉइंटर रस्त्यावर ओटीडीआर घेऊन जे करतो, ते काम एका जागी बसलेलं यंत्र रात्रंदिवस करत राहील. एमपीएलएसमध्ये तुकड्याला आधीच चिठ्ठी लागते, वाटेतल्या राउटरनं पूर्ण पत्ता पुन्हा वाचायचा नाही. त्यामुळं एक बाजू तुटली तर ठरवून ठेवलेल्या दुसऱ्या बाजूनं लगेच वळता येतं.

कागदावर ही रचना चोख आहे. पण वर्तुळ कागदावर काढलं म्हणून जमिनीत वर्तुळ होत नाही. गावात जायला डांबरी रस्ता एकच असेल, तर वर्तुळाच्या दोन्ही बाजू त्याच रस्त्यानं यायचा मोह होतो. शिवारातून, दुसऱ्या गावाच्या पाणंदीनं केबल न्यायची तर जास्त खोदाई, जास्त परवानग्या आणि जास्त पैसे. मग एकाच चरात दोन नळ्या टाकल्या जातात. राउटरला वर्तुळ दिसतं. मातीत ती दुहेरी फांदीच राहते.

बोगदा आणि समुद्र

ढोकी रस्त्यावर जे झालं ते फक्त आपल्याकडंच होतं असं नाही. १८ जुलै २००१ रोजी अमेरिकेत बाल्टिमोर शहराखालच्या हॉवर्ड स्ट्रीट बोगद्यात मालगाडी घसरून पेटली. आग दिवसेंदिवस धुमसली. त्या बोगद्यातून अनेक कंपन्यांचे फायबर गेलेले होते, आणि दूरदूरच्या शहरांत इंटरनेट मंदावलं. ‘वेगवेगळ्या’ कंपन्यांच्या वाटा एकाच आगीत जळल्या.

३० जानेवारी २००८ रोजी इजिप्तमध्ये अलेक्झांड्रियाजवळ समुद्रतळावरच्या दोन केबली तुटल्या, सी-मी-वी ४ आणि फ्लॅग. दोन्ही मुंबईला येतात. दोन वेगळ्या कंपूंच्या, दोन वेगळ्या काळात टाकलेल्या. पण युरोपकडून येताना इजिप्तचा तो अरुंद भाग दोघींना ओलांडावाच लागतो. भारताचा पश्चिमेकडचा बराचसा डेटा अडला, आणि कित्येक कंपन्यांना पूर्वेकडून, पॅसिफिक ओलांडून, वळसा घ्यावा लागला.

यावर तज्ज्ञांनी विचार केला नव्हता असं नाही. राउटर आणि उजेड यांना एकाच भाषेत बोलायला लावावं, राउटरनंच गरज पडेल तेव्हा नवी तरंगलांबी मागून घ्यावी, अशी जीएमपीएलएस नावाची कल्पना होती. तिचा आराखडा ऑक्टोबर २००४मध्ये प्रसिद्ध झाला. तिचा मोठा भाग कागदावर राहिला. एका तंतूत नवा रंग घातला की प्रवर्धकांचा तोल बिघडतो, बाकीच्या रंगांवर परिणाम होतो. तो हळूहळू चढवावा लागतो. राउटरला वाटलं आणि उजेड उजळला, इतकं ते सोपं नव्हतं. शिवाय एका कंपनीची यंत्रं दुसरीच्या यंत्रांना आपली सगळी माहिती देत नव्हती.

पण त्या खटपटीतून एक साधी गोष्ट टिकली. प्रत्येक वाटेला, ती ज्या ज्या धोक्यातून जाते त्याचा क्रमांक द्यायचा : हा चर, हा पूल, हा बोगदा. दोन वाटांवर एकच क्रमांक असेल तर राउटरनं त्या दोघींना एकमेकींची राखीव वाट म्हणून कधीच निवडू नये. इंग्रजी आद्याक्षरांवरून याला एसआरएलजी म्हणतात. राउटर हा क्रमांक वाचू शकतो, त्यानुसार वागूही शकतो. अट एकच : कुणीतरी तो खरा भरला पाहिजे.

आता मॉड्युलातच रंगीत लेसर बसवून ट्रान्सपाँडरचा रॅक हटवण्याकडं कल आहे. २०२०मध्ये ठरलेल्या ४००झेडआर मानकामुळं बोटाएवढं मॉड्युल ४०० गिगाबिट उजेड शंभरेक किलोमीटर नेऊ शकतं. नवी मुंबईतल्या डेटा सेंटरांसारख्या ठिकाणी याचा उपयोग उघड आहे. राउटरच्या आतच ऑप्टिकल टोक आल्यामुळं उजेड किती क्षीण झालाय, चुका किती वाढल्यात, हे राउटरला स्वतः दिसतं. तुटायच्या आधीच तो वाट बदलू शकतो. पण चर कुठला, हे त्यालाही दिसत नाही.

पुणे, वाळूज आणि मधली माती

महाराष्ट्राला या काचेचं अप्रूप नवं नाही. देशातली पहिली ऑप्टिकल फायबर प्रणाली १९७९मध्ये पुण्यात, दोन टेलिफोन एक्स्चेंजांना जोडायला, कार्यान्वित झाली. त्याआधी परदेशी बोलणं जायचं ते जुन्नर तालुक्यातल्या आर्वीच्या उपग्रह केंद्रातून, जे १९७१मध्ये सुरू झालं होतं. १५ ऑगस्ट १९९५ला विदेश संचार निगमनं सामान्यांसाठी इंटरनेट सुरू केलं, तेव्हा ते मिळालेल्या पहिल्या शहरांत मुंबई होती. आज देशाचं बरंचसं समुद्री फायबर मुंबईच्याच किनाऱ्याला लागतं. आणि असे तंतू ज्या काचेतून ओढतात, ती काच छत्रपती संभाजीनगरच्या शेंद्रा-वाळूज पट्ट्यातल्या कारखान्यांतही तयार होते. म्हणजे मराठवाड्यात काच बनते आणि मराठवाड्याच्याच गावात ती पुरल्यावर सांभाळणं जड जातं.

कारण सांभाळायची असते ती माती. योजनेच्या मापानं केबल १६५ सेंटिमीटर खोल हवी. मुरूम आणि खडक लागला की ठेकेदार वरच थांबतो. काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, पावसात फुगते, उथळ नळी हळूहळू सरकते. पुलावर तर पुरायला जागाच नाही. तिथं कठड्याला लोखंडी पाइप बांधून सगळे आपापल्या केबली त्यातून नेतात. नदीकाठच्या तालुक्यात पूल म्हणजे सगळ्यांचा एकच दरवाजा.

खोदणाऱ्यांना आधी विचारायला लावणं हा एक उपाय. मार्च २०२३मध्ये सरकारनं ‘कॉल बिफोर यू डिग’ हे ॲप आणलं. खोदणाऱ्यानं जागा कळवायची आणि तिथं ज्यांच्या वाहिन्या असतील त्यांना निरोप जायचा. मोठ्या ठेकेदारांपर्यंत हे पोचतं. पाइपलाइनसाठी शेतकऱ्यानं तासावर बोलावलेल्या जेसीबीवाल्याला मात्र ॲपपेक्षा तास महत्त्वाचा. आणि तो विचारायला गेलाच, तर त्याला सांगायला नकाशा खरा लागतो.

वही कुठं ठेवायची

हा खरा नकाशा आहे कुठं, हा प्रश्न मी जॉइंटरना विचारला. त्यांनी वहीवर हात ठेवला. त्या वहीत ढोकी रोडच्या चरात कोणाकोणाच्या केबली आहेत, हे केव्हापासून लिहिलेलं होतं. माडीवरच्या राउटरला ते कधी कळलं नाही, कारण वही आणि राउटर यांच्यामधे कुणी नव्हतं. वही ठेकेदाराच्या माणसाची, राउटर दुकानदाराचा, केबल दोन कंपन्यांची, रस्ता तिसऱ्या खात्याचा.

ही दरी भरायला नवं यंत्र लागत नाही. एक तालुका, त्यातले चर, पूल आणि मोऱ्या. प्रत्येकाला एक क्रमांक. आणि कुठली केबल कुठल्या क्रमांकातून जाते याची यादी. जॉइंटरांच्या वह्या एकत्र केल्या तर कळंबपुरती ती यादी काही दिवसांत होईल. ती केबलवाल्यांनी राउटरवाल्यांना दिली की पुढचं काम राउटर स्वतः करतो. त्याला फक्त खरं सांगावं लागतं.

माडीवरच्या मालकानं आपल्यापुरतं ते केलंय. धाराशिवची लाईन त्यानं सोडली आणि तिच्या जागी शिराढोणच्या अंगानं लातूरला जाणारी घेतली. ती महाग आणि लांबून जाणारी. करार करताना त्यानं वेग विचारला, दर विचारला आणि मग केबल जमिनीतून कुठून कुठं जाते ते कागदावर काढून मागितलं. समोरचा विक्री प्रतिनिधी गडबडला. असं आजवर कुणी मागितलं नव्हतं. दोन दिवसांनी कागद आला. मालकानं तो जॉइंटरना दाखवून घेतला आणि मगच सही केली.

वर्तुळं आता गावागावांत काढली जातील. ग्रामसभेत फायबरचा विषय निघाला की वेग किती, फुकट किती, हे सगळे विचारतील. सरपंचांनी त्याच्याआधी एक प्रश्न विचारावा : आमच्या गावाची दुसरी वाट कुठल्या शिवारातून येते? उत्तर ‘त्याच रस्त्यानं’ असं असेल, तर गावाला अजून एकच वाट आहे.